नाव आहे, बोट फाटलंय

आदरणीय मॅडम,

तुमचे आभार मानायचेत, तुमचं नाव घालून लिहू का, असं विचारलं तर "खुळा आहेस का, कामाला लाग" म्हणालात. म्हणून नाव घालत नाही. शिरोली एमआयडीसीत टाइम ऑफिसं, म्हणजे कामगारांची हजेरी बघणारी ऑफिसं, काय कमी आहेत? कळायचं त्याला कळेल.

गेल्या आठवड्यात दहा महिन्यांनी गेटातून आत आलो. फर्स्ट शिफ्ट, सातला पाच कमी. अंगठ्याच्या मशीनपुढं रांग. माझा नंबर आला, अंगठा टेकवला आणि मशीन बोललं, "प्लीज ट्राय अगेन." परत टेकवला. परत तेच. मागं पोरं खोळंबलेली, आणि माझ्या पायातलं बळच गेलं.

कारण हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. सहा-सात वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कारखान्यात टर्नर होतो. टीएतनं, म्हणजे प्रादेशिक सेनेतनं (टेरिटोरियल आर्मी), बोलावणं आलं, एम्बॉडी झालो, म्हणजे पूर्ण वेळ फौजेच्या ड्यूटीवर गेलो, ती करून परत आलो. तिथल्या मशीननंही "ट्राय अगेन" म्हटलं. तीनदा म्हटल्यावर वॉचमननं खाली बघत सांगितलं, "साहेबांना भेटून घ्या." साहेबांनी बसायलाही सांगितलं नाही. "तुझी हौस आम्ही किती दिवस सोसायची? जायचं तर कायमचा फौजी हो की," एवढंच बोलले. एक कागद नाही, आधी एक फोन नाही. माझ्या जागी पोरगा घेतलेला, माझ्याच लेथवर उभा होता. त्याची काय चूक? आईला सांगायचं धाडस झालं नाही. पंधरा दिवस डबा घेऊन घरातनं निघायचो आणि रंकाळ्यावर बसून खायचो.

गंमत बघा. प्रादेशिक सेना ही पोटापाण्याला दुसरा उद्योग असणाऱ्या माणसांसाठी उभी केलेली. नोकरी आहे म्हणून टीएत घेतात, आणि टीएत गेला म्हणून नोकरी जाते! कायदा 1948 चा आहे. त्याच्या 7-अ कलमात लिहिलंय की मालकानं रजा द्यायची, आणि माणूस परत आला की आधीपेक्षा उणी नाही अशी जागा द्यायची. परत घ्या असा हुकूम निघूनही मालकानं तो मोडला तर दंड हजार रुपयांपर्यंत. त्या कारखान्याच्या गेटवरच्या कुंड्यासुद्धा हजारात येत नसतील. मी भांडलो नाही. घरचा हप्ता थकला होता, दुसरं काम शोधलं आणि तुमच्याकडं आलो.

मग मे 2025 उजाडला. टीएतल्या कुणालाही बोलवायचा अधिकार सरकारनं लष्करप्रमुखांना दिला. टीएच्या 32 पैकी 14 इन्फंट्री बटालियन बोलावणार, अशी बातमी सगळीकडं फिरली. ज्याच्या त्याच्या स्टेटसला तिरंगा. मी मशीनपाशी उभा राहून घरभाड्याचा हिशेब करत होतो. तुम्ही मला आत बोलावलंत, खुर्ची पुढं केलीत (मी ऑइलच्या कपड्यांत, तरी) आणि म्हणालात, "पीएफचं, घरच्यांच्या कार्डाचं काय असेल ते आत्ताच बोल. जायच्या गडबडीत राहील." बोलावणं आलं की नोकरीचं काय, हे माझ्या तोंडून निघायच्या आधी तुम्ही बोललात. पुढं ऑर्डर आली, गेलो. कुठं होतो ते इथं सांगत नाही. थंडी होती एवढंच.

तर मशीनपुढं. तिसऱ्यांदा अंगठा लावायचा माझा हात वर होईना. तेवढ्यात तुम्ही काचेच्या दारातनं बाहेर आलात. माझा हात धरून उजेडात उलटा केलात. थंडीनं अंगठ्याला भेगा पडलेल्या, कातडं निघालेलं. "अरे, नाव आहे तुझं. बोट फाटलंय," म्हणालात. पर्समधनं व्हॅसलिनची डबी काढली, अंगठ्याला चोळलं, ओढणीच्या टोकानं पुसलं आणि धरूनच मशीनवर टेकवला. "थँक यू," मशीन म्हणालं. तुम्ही म्हणालात, "चहा गार व्हायच्या आत कँटीनला जा." आणि आत गेलात. मी मात्र तिथंच उभा. मागचा पोरगा म्हणाला, "दादा, सरका की."

नंतर पॅकिंगच्या पोरांकडनं कळलं. महिनाभर पंच पडला नाही की सिस्टीम नाव आपोआप काढून टाकते. तुम्ही दर एक तारखेला माझं नाव हातानं परत घालत होता. दहा वेळा! तुम्ही सांगितलं नाहीत, सांगणारही नव्हता. मालकांनी सही केली, सुपरवायझरनं माझ्या मशीनवर दोघांना आलटून पालटून चालवलं, त्यांचेही उपकार आहेतच. कोल्हापुरात 109 मराठा ही टीएची बटालियन असूनही लोक अजून मला "होमगार्ड का?" विचारतात, त्याचं काही वाटत नाही. पण माणूस परत येणार आहे असं धरून कुणीतरी दर महिन्याला त्याचं नाव लिहितंय, हे तिकडं असताना ठाऊक असतं तर रात्रीची ड्यूटी जरा हलकी गेली असती.

आईला परवा सगळं सांगितलं, रंकाळ्यासकट. ती आधी माझ्यावर चिडली, मग तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटायला बसली.

डबी गडबडीत माझ्याकडंच राहिलीय. उद्या फर्स्ट शिफ्टला चटणीबरोबर आणून देतो.

तुमचा,
टर्निंग सेक्शनमधला, मशीन नंबर चारवाला