ऋषिपंचमीला न पोचलेली नऊ पुस्तके : ऑनलाइन पुस्तकविक्री कंपनीला तक्रार पत्र

दि. ८ सप्टेंबर २०२५
गुहागर तालुका, जि. रत्नागिरी

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : दि. ६ ऑगस्ट २०२५ रोजी नोंदवलेल्या नऊ भेट-पुस्तकांच्या ऑर्डरबाबत.

महोदय / महोदया,

या ऑर्डरबद्दल आपल्या फोन सेवेशी मी चार वेळा बोललो. चारही वेळा एकच उत्तर मिळाले, की पुस्तके परत पाठवा, पैसे खात्यात जमा होतील. माझी तक्रार पैशांची नाही हे मला फोनवर समजावता आले नाही, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे. कृपया शेवटपर्यंत वाचावे.

आमच्या घरी पाच ते सात दिवसांचा, म्हणजे गौरीबरोबर जाणारा गणपती असतो. मुंबई, पुणे, ठाण्याची सगळी भावंडे मुलाबाळांसह गावी येतात. ऋषिपंचमीच्या संध्याकाळी आरती झाली की पडवीत बसून प्रत्येक मुलाला एक पुस्तक द्यायचे, हा आमच्या घरातला रिवाज आहे. तो माझ्या वडिलांनी सुरू केला. ते परळला गिरणीत कामाला होते. पावसाळ्यात बोटी बंद असत, त्यामुळे गणपतीला एसटीने यायचे. ट्रंकेत कपड्यांच्या घडीत पुस्तके असायची. पहिल्या पानावर ते शाईच्या पेनाने मुलाचे नाव, तिथी आणि एक ओळ लिहायचे. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्या वर्षी गणपतीला त्यांच्याकडे पगार नव्हता. तरी एक जुने पुस्तक आणले, चौघांत एक, आणि पहिल्या पानावर आम्हा चारही भावंडांची नावे लिहिली. आम्ही ते आळीपाळीने मोठ्याने वाचले. ते पुस्तक आजही देव्हाऱ्याखालच्या फळीवर आहे.

वडिलांच्या मागे हे काम माझ्याकडे आले. मी गावच्या शाखा डाकघरात डाकपाल होतो. आता गुडघ्यांमुळे चिपळूणला जाऊन दुकानात उभे राहून पुस्तके निवडणे होत नाही, म्हणून यंदा पहिल्यांदा आपल्याकडून मागवली. आपल्या जाहिरातीत तीन गोष्टी होत्या : प्रत्येक पुस्तक वेगळे गुंडाळून, त्यावर ज्याचे त्याचे नाव घालून आणि पहिल्या पानावर आपला मजकूर छापून. पुस्तकांचे २,३४० रुपये, नऊ वेष्टनांचे ३६०, नऊ मजकुरांचे २२५ आणि पोचवण्याचे १२०, असे एकूण ३,०४५ रुपये मी त्याच दिवशी भरले. २२ ऑगस्टपर्यंत पुस्तके मिळतील असे आपण कळवले होते. चतुर्थी २७ ऑगस्टला होती. हातात पाच दिवस राहतात म्हणून मी निश्चिंत होतो.

२५ ऑगस्टला मोबाइलवर संदेश आला, ‘आपले पार्सल पोचले’. दारात कोणी आले नव्हते. कोणी फोन केला नाही, ओटीपी मागितला नाही. डाकपाल म्हणून मी जन्मभर लोकांच्या सह्या आणि अंगठे घेतले. न दिलेली वस्तू ‘दिली’ म्हणून नोंदवणे आमच्या खात्यात गंभीर गुन्हा समजला जाई. तो संदेश वाचून मला किती राग आला असेल याची आपण कल्पना करावी. २६ तारखेला तक्रार नोंदवली, पण तिचा क्रमांक आजपर्यंत मिळालेला नाही. वास्तविक ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे आपल्यावर बंधनकारक आहे.

पार्सल सापडले ३० ऑगस्टला, तालुक्याच्या ठिकाणी एका मोबाइल दुकानाच्या बाहेर, पत्र्याखाली. पुतण्या दुचाकीवरून जाऊन घेऊन आला. आपल्या माणसाने ‘गाव लांब आहे, पाऊस आहे’ म्हणून ते तिथे टाकले होते, असे दुकानदाराने सांगितले. पाऊस होताच. आमच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि भाद्रपदात तो काही संपलेला नसतो. हे ठाऊक असणाऱ्या कोणीही कोकणात पुस्तके नुसत्या पुठ्ठ्याच्या खोक्यात पाठवणार नाही. आत प्लास्टिकचा एक कागदसुद्धा नव्हता. पूर्वी बुक पोस्टाची पाकिटे तपासणीसाठी टोकाला उघडी ठेवावी लागत, तेव्हादेखील पावसाळ्यात पाठवणारे आत मेणकापड घालत.

खोके उघडले तेव्हा नऊही पुस्तके एकत्र भरलेली होती. एकालाही वेगळे वेष्टन नव्हते, वर कोणाचेही नाव नव्हते. तळाची तीन भिजलेली होती. त्यातली दोन लहानांची, गुळगुळीत कागदावरची रंगीत चित्रांची. हा कागद ओला होऊन तसाच वाळला की पाने एकमेकांना चिकटतात आणि सोडवायला गेले की चित्राचा रंगच सुटून येतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरले. १८६४ पासूनचे ते वाचनालय. भिजलेल्या पुस्तकांची गत त्या वेळी साऱ्या जिल्ह्याने पाहिली आहे. म्हणून मी लगेच पानापानांत टिपकागद आणि वर्तमानपत्र घालून, पंख्याखाली ठेवून जमेल तेवढे केले. तिसरे पुस्तक बचावले. चित्रांची दोन्ही गेली.

आता मुख्य गोष्ट. आमच्या नऊपैकी सहा मुले इंग्रजी शाळेत जातात. वर्षभरात त्यांच्या हातात येणारे मराठी पुस्तक म्हणजे बहुधा हेच एक. मधला नातू दहा वर्षांचा आहे. मराठी अक्षर लावत लावत वाचतो आणि कोणी ऐकत असेल तर लाजतो. त्याला समुद्राचे वेड आहे, वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर तासन्‌तास शंख गोळा करतो. त्याच्यासाठी मी समुद्री जिवांवरचे मोठ्या अक्षरातले मराठी पुस्तक तीन दिवस शोधून निवडले होते. आपण त्याचीच इंग्रजी आवृत्ती पाठवली. सोबत चिठ्ठी होती, ‘मराठी प्रत शिल्लक नसल्याने समतुल्य प्रत पाठवत आहोत’. मला विचारले असते तर मी दुसरे मराठी पुस्तक निवडले असते. त्या मुलासाठी ते समतुल्य नाही. ते हातात घेऊन तो भरभर वाचू लागला आणि ज्यासाठी हे सगळे केले ते यंदा झाले नाही. त्याच्या बाजूला बसून मराठी ओळी ऐकायची माझी फार इच्छा होती.

पहिल्या पानावरच्या मजकुराचे सांगतो. मजकूर छापलेला नव्हता. बारकोड असलेल्या कागदावर टाइप करून, तो चिकटपट्टीसारखा पानावर डकवला होता. त्यावर किंमतही होती. भेट दिलेल्या पुस्तकावरची किंमत आपल्याकडे कोणीही देताना झाकतो. शिवाय मजकूर उलटसुलट झाले होते. बारावीतल्या पुतणीसाठी लिहिलेला मजकूर पाच वर्षांच्या मुलाच्या पुस्तकावर, त्याचा तिच्या पुस्तकावर. तिच्यासाठी मी जे लिहिले होते ते फक्त तिने वाचायचे होते. गेले वर्ष तिला जड गेले होते. ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले गेले. चिकटवलेला कागद काढताना तिच्या पुस्तकाचे पहिले पान अर्धे फाटले.

ऋषिपंचमीला, २८ तारखेला, मुले आरती झाल्यावर पडवीत येऊन बसली होती. मी त्यांना सांगितले की पुस्तके वाटेत आहेत. मोठी समजली. लहान दोघांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले, तिसऱ्या दिवशीही विचारले. २ सप्टेंबरला गौरी-गणपतींचे विसर्जन झाले आणि ३ तारखेला सगळे गाड्या पकडून गेले.

म्हणून ‘परत करा, पैसे घ्या’ हे उत्तर मला मान्य नाही. आपण माझ्याकडून कागदाच्या किमतीखेरीज भेटीचे म्हणून वेगळे ५८५ रुपये घेतलेत. त्या कामातले एकही काम झाले नाही. हे ५८५ आणि पोचवण्याचे १२० रुपये आपण परत करावेत, तेवढे मी घेईन. पुस्तकांचे पैसे नकोत, पुस्तके हवीत. भिजलेल्या दोन्हींच्या नव्या प्रती आणि नातवाचे मराठी पुस्तक पाठवावे. ती मराठी प्रत खरोखर संपली असेल तर मला आधी फोन करावा, मी दुसरे निवडेन. फाटलेल्या पानाचे पुस्तक मी बदलून मागत नाही. पुतणीने ते फाटक्या पानासह पुण्याला नेले आहे आणि ते तिला तसेच हवे आहे.

चूक कोणाची झाली तेही लेखी कळवावे. कुरिअरवाल्या मुलाला कामावरून काढू नये. पावसात चौदा किलोमीटर आत यायला त्याला किती मिळते याची मला कल्पना आहे. आपले कुरिअर आमच्या गावात येत नसेल तर पिन कोड टाकल्यावर तसे स्पष्ट दाखवा आणि पुस्तके टपालाने पाठवा. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून खास पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केली आहे. पाच किलोपर्यंत कर वगळून जास्तीत जास्त शंभर रुपये दर आहे आणि पार्सल कुठे आहे तेही कळते. पोस्टमन आमच्या वाडीत येतो.

३० दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि त्यानंतर रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पार्सलची, चिठ्ठीची व भिजलेल्या पानांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

तिन्ही पुस्तके आता गावी पाठवू नयेत, मुले इथे नाहीत. सोबतच्या कागदावरील मुंबई आणि ठाण्याच्या पत्त्यांवर भाऊबीजेच्या आधी, म्हणजे २३ ऑक्टोबरपूर्वी पोचवावीत. पहिले पान कोरे ठेवावे. ते मी दिवाळीत तिकडे गेल्यावर स्वतः लिहीन.

आपला,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक आपल्याकडे नोंदलेला आहे.)