त्रिकोण सोडू नको, बेटा

बेटा,

मामानं तुले म्हटलं म्हणे की त्रिकोण-चौकोन रंगवणं तर पाचवीतला पोट्टाबी करते, आन् तेव्हापासून तू आता पोर्ट्रेटच करीन म्हणून राहिली. हे फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून लिहून राहिलो.

मी इतकी वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं, एलिमेंटरी-इंटरमिजिएटले पोट्टे बसवले, म्हणून सांगतो, चेहऱ्यात थोडं चुकलं तर सावलीत लपवता येते, पण लालाजवळ कोणता निळा ठेवला ते चुकलं तर लपवायले जागाच नसते.

तुह्यासारखेच त्रिकोण-चौकोन रंगवणारे चित्रकार सय्यद हैदर रझा, त्यायचं काम तू पाहिलं असशील, पण त्यायचा सगळा प्रवास पाह्य. जन्म १९२२ चा, मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचे, वडील जंगल खात्यात. शिकले कुठं, तर आपल्या नागपूरच्या स्कूल ऑफ आर्टमध्ये, मग मुंबईले जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. १९४७ ले सूझा, हुसेन यायच्या सोबत प्रोग्रेसिव्ह ग्रुप हा नव्या चित्रकारांचा गट काढला, १९५० ले फ्रेंच सरकारच्या स्कॉलरशिपवर पॅरिसले गेले, १९५६ मध्ये तिथं समीक्षकांचा मोठा पुरस्कारबी भेटला. आन् तेव्हा काढत काय होते? गावं, घरं, चर्च, निसर्ग. नाव झालं होतं तरी यात आपल्या मातीचं काही नाही असं त्यायले वाटून राहिलं होतं, म्हणून सत्तरच्या दशकात भारतात येऊन अजिंठा-वेरूळ, बनारस फिरले. लहानपणी मास्तरानं भिंतीवर एक ठिपका काढून याच्याकडं पाहत बस म्हटलं होतं, तोच ठिपका बिंदू होऊन कॅनव्हासवर आला तेव्हा माणूस पन्नाशीच्या पार गेला होता. तू विशीत घाई काहून करते?

मले यात सर्वात जास्त हेच पटते की त्यायची भूमिती फूटपट्टीतून नाही आली, पाहण्यातून आली. रात्रीच्या जंगलाची भीती आन् बाजाराच्या दिवशीचे रंग, हे त्यायनंच सांगून ठेवलं आहे. पॅरिसात बसून १९८१ च्या 'मां' या चित्रात हिंदी कवितेची ओळ देवनागरीत लिहिली त्यायनं. तुह्या त्या मोठ्या कॅनव्हासवर खाली पांढरे ठिपके आन् वर करड्या पट्ट्या आहेत ना, ते कापूस वेचणीच्या वेळचं आपलं वावर आहे हे तुह्या मायनं कोणी न सांगता ओळखलं. मग पाचवीतल्या पोट्ट्याचं ते कसं काय होईन?

पैशाचं म्हणशील तर 'सौराष्ट्र' हे १९८३ चं चित्र २०१० ले लंडनच्या लिलावात १६ कोटींच्या वर गेलं, तेव्हा रझा ८८ वर्षांचे होते, आन् असे पैसे बहुतेक ज्याच्याजवळ चित्र असते त्याले भेटतात. म्हणून ए.टी.डी., म्हणजे ड्रॉइंग मास्तरचा डिप्लोमा, करून ठेव, पोटापाण्याची सोय होते, मग काय काढायचं ते मामा ठरवणार नाही.

पोर्ट्रेटबी कर, हात साफ राहते. सोयाबीन विकलं की पैसे टाकतो, अॅक्रेलिक चांगलंच घेजो, स्वस्तातला रंग लवकर फिका पडते. आन् पोर्ट्रेटसाठी नवीन कॅनव्हास घे, त्या वावराच्या चित्रावर पांढरा मारू नको.

तुहा बाबा