मामाला आकडा सांगू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

विम्याचा कागद पुण्याच्या पत्त्यावर यायचा तो अंबाजोगाईला आला आणि माझं बिंग फुटलं. आई, कॅमेरा चाळीसेक हजारांचा आहे असं मी तुला सांगितलं होतं. बाबांनी चष्मा लावून वाचला तो आकडा खरा आहे. बॉडी आणि लांबची लेन्स मिळून ४ लाख ३५ हजार. "जुना ट्रॅक्टर आला असता की गं," एवढंच बोलून बाबांनी फोन तुझ्या हातात दिला. तेव्हापासून ते माझ्याशी नीट बोललेले नाहीत, म्हणून हे पत्र.

केनियाला जायचं पक्कं आहे. मसाई मारात प्राण्यांचे फोटो काढायला, पुण्याचे आम्ही चौघं. पिवळ्या तापाची लस घेऊन झाली; परत येताना तिचं प्रमाणपत्र आपल्याच विमानतळावर मागतात.

आई, तू विचारलंस, "एवढं महागाचं घेऊन परमुलखात फिरायलीस, कुणी हिसकलं तर?" हिसकलं तर मी सोडून देणार. पट्टा मनगटाला गुंडाळून ओढाताण करणार नाही. विमा काढला तो त्यासाठीच. मात्र गाडीत उघड्यावर ठेवलेली वस्तू गेली तर विमा कंपनी हात वर करते, आणि चोरी झाली तर तिथल्या पोलिसांचा कागद लागतो. म्हणून जेवायला उतरले तरी बॅग पाठीवरच.

आणि ती बॅग बघितलीत तर तुम्हाला लाज वाटेल. कॅमेऱ्याच्या कंपनीचं नाव मिरवणारी बॅग मी घेतलीच नाही. कॉलेजातली जुनी, विटकी सॅक आहे, आत स्पंजचे कप्पे बसवलेत. बाबा, लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन घालून तुम्ही पैसे घेऊन यायचात तेव्हा पिशवीत वर मेथीच्या जुड्या असायच्या, आणि अर्धी रक्कम बंडीच्या आतल्या खिशात. आडत्याची हिशेबाची पट्टी मात्र तिसरीकडेच. मी वेगळं काय करायले? फोटोंची कार्डं कॅमेऱ्यात साठू देत नाही. रोज रात्री त्यांची एक प्रत छोट्या डिस्कवर, आणि ती डिस्क माझ्या कमरेच्या पाकिटात. कॅमेरा विम्यातून पुन्हा येईल, नदी ओलांडणारा कळप पुन्हा येणार नाही.

विमानात कॅमेरा, लेन्स, बॅटऱ्या सगळं हातातल्या सामानात. सुट्या बॅटऱ्या तर खालच्या सामानात टाकूच देत नाहीत. लिथियमची बॅटरी पेटली तर वर निदान कुणाला दिसते, विझवता येते. माझी एकेक बॅटरी १६ वॅट-तासांची, परवानगी न घेता १०० पर्यंत चालते. तोंडाला चिकटपट्टी लावून ठेवते, किल्ल्याबिल्ल्या लागून ठिणगी नको. अडचण वजनाची आहे. हातातलं सामान ७ किलो, आणि त्यातले साडेतीन किलो नुसती काच आणि लोखंड. जड जाकीट आहे ते अंगावरच घालून चढणार, मुंबईच्या उकाड्यात लोक बघतील तर बघू देत.

बाबांनी विचारलं नाही, पण त्यांना पटेल अशी गोष्ट आता. मुंबईहून निघताना कस्टमच्या अधिकाऱ्याला कॅमेरा दाखवून, बिल आणि वस्तूवरचा नंबर जुळवून, निर्यात प्रमाणपत्र घ्यायचं. नाहीतर परत येताना 'हा तिकडूनच आणला, ड्यूटी भरा' म्हणाले तर आपण काय दाखवणार? पूर्वी जकात नाक्यावर पावती नसली की व्हायचं तसंच. त्यासाठी मी चार तास आधीच पोचणार आहे.

सोबतच्या पाकिटात बिलाची झेरॉक्स, दोन्ही नंबर, विम्याची प्रत आणि आमच्या मुक्कामाचा पत्ता आहे. सातबारा ठेवता त्या पिशवीत ठेवा. माझा फोनही गेला तर मी कुणाच्या तरी फोनवरून घरीच फोन करणार, आणि बाबांनी ते नंबर वाचून दाखवायचे.

आई, तू प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून ने म्हणालीस, पण केनियात २०१७ पासून त्या पिशव्यांना बंदी आहे. त्याऐवजी तुझ्या जुन्या सुती लुगड्याच्या चार पिशव्या शिवून दे, धूळ फार असते तिथे. आणि एक जाड खादीची, उशीएवढी, एका बाजूला चेन. जीपच्या खिडकीवर ती ठेवून वर लेन्स टेकवायची असते. इथून रिकामी न्यायची, तिथे राजमा भरायचा, वजन वाचतं. शिवण दुहेरी मार. मागच्या वेळी ताडोबात मी ज्वारी भरली होती, ती उसवून सगळ्या जिप्सीत सांडली आणि ड्रायव्हर दोन दिवस बोलत होता.

तुमची,
ताई

ता. क. मामाला आकडा सांगू नका. मामाला कळलं की मोंढ्याला कळलं.