मॉर्फीचा डाव पहिल्या चालीपासून छापा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत तुम्ही अमेरिकन बुद्धिबळपटू पॉल मॉर्फीचा १८५८ चा पॅरिसच्या ऑपेरा हाऊसमधला डाव दिलात, बघून खूप बरं वाटलं, पण दिलात तो थेट सोळाव्या चालीपासून. पटाचं चित्र आणि खाली 'पांढरा वजीर देतो आणि मात करतो', बस एवढंच. माझी अकरा वर्षांची भाची ते वाचून संध्याकाळी माझ्याशी खेळायला बसली आणि दहाव्या चालीला तिने स्वतःचा वजीर माझ्या राजासमोर नेऊन ठेवला. मी खाल्ला, पुढे काहीच नव्हतं. रडवेली होऊन म्हणाली, मावशी, मॉर्फीने पण दिला होता ना! आता यात तिचं काय चुकलं, आधीच्या पंधरा चाली तिला कुणी दाखवल्याच नव्हत्या.

मग आम्ही दोघींनी डाव पहिल्यापासून लावला. मॉर्फी तेव्हा २१ वर्षांचा, समोर ब्रुन्सविकचा ड्यूक आणि काउंट इसुआर दोघं मिळून काळ्याने खेळतायत. आठव्या चालीला मॉर्फीला बी७ वरचं (म्हणजे बी या उभ्या रांगेतल्या सातव्या घरातलं) प्यादं आयतं मिळत होतं पण त्याने घेतलं नाही, कारण घेतलं असतं तर काळ्याने बी४ वर वजिराचा शह देऊन वजीर एक्स्चेंज करून टाकले असते, प्यादं हाताला लागलं असतं पण हल्ल्यातली सगळी हवा गेली असती. त्याने शांतपणे सी३ वर घोडा काढला. मग जी५ वर उंट आणला आणि काळ्याचा एफ६ चा घोडा पिन झाला, हलला की मागचा वजीर गेला. इथे काळ्याने सी४ वरच्या दुसऱ्या उंटाला हाकलायला बी५ वर प्यादं ढकललं. आपल्यापैकी कुणीही उंट मागे घेतला असता, मॉर्फीने घोड्याने ते प्यादं खाल्लं आणि दोन प्याद्यांच्या बदल्यात घोडा दिला. उंटाचा शह बसला, डी७ वर आडवा आलेला दुसरा घोडाही पिन.

आणि आता बारावी चाल, माझ्या मते अख्ख्या डावातली सगळ्यात भारी. मॉर्फीने लांबचं कॅसलिंग केलं. एका चालीत राजा बाजूला गेला आणि हत्ती सरळ डी७ वर रोखला गेला! लोक वजिराचं कौतुक करतात, करावंच, पण ही चाल नसती तर वजीर द्यायची वेळच आली नसती. तेराव्या चालीला त्याने हत्तीने डी७ चा घोडा मारला, काळ्याने हत्तीने हत्ती खाल्ला. पांढऱ्याचा एक हत्ती कमी. अशा वेळी माणूस घाईघाईने शह शोधायला लागतो, मॉर्फीने काय केलं तर एच१ ला बसून असलेला शेवटचा हत्ती डी१ वर आणला. शह नाही, मारामारी नाही.

शेवटी बी८ वर वजीर दिला तेव्हा काळ्याकडे घोड्याने तो खाण्याशिवाय दुसरी चालच नव्हती, आणि डी८ वर हत्तीने मात, हत्तीला जोर जी५ च्या उंटाचा. राजा सोडला तर पांढऱ्याकडे मोहरे उरले दोन, हत्ती आणि उंट. काळ्याकडे वजीर, हत्ती, उंट, घोडा सगळं शिल्लक, पण एच८ चा हत्ती आणि एफ८ चा उंट डावभर जागचे हललेलेच नाहीत! समोरचे हौशी खेळाडू होते हे खरंय, पण तेवढं म्हणून हा डाव सोडून देऊ नये.

तर विनंती अशी की पुढच्या रविवारी पूर्ण १७ चाली छापा, आणि जागा एकाच चित्राची असेल तर बाराव्या चालीनंतरचं द्या. भाचीला मी तेच चित्र लावून दिलं होतं. तेरावी चाल तिने पटकन सांगितली, चौदावी सापडायला वीस मिनिटं लागली, पण एच१ च्या हत्तीवर बोट ठेवलं तिनेच.

आपली,
एक नियमित वाचक