पम्या, गाडी घेतलीस ते बरं झालं

प्रिय पम्या,

फोटो बघितला, बॉनेटवर झेंडूचा हार, टायरखाली लिंबू, सगळं शास्त्रोक्त. अभिनंदन लेका! आणि वर मलाच विचारतोस की मी हल्ली म्हाताऱ्यासारखा का चालवतो, सांगलीला जाताना मागचे सगळे हॉर्न मारत होते म्हणून. फोनवर सांगितलं असतं तर हसण्यावारी नेलं असतंस, म्हणून लिहितोय, निवांत वाच.

कारण आई. खुब्याच्या ऑपरेशननंतर तिला आष्ट्याहून मिरजेला दाखवायला न्यावं लागायचं, आणि आपल्याकडचे स्पीडब्रेकर तुला माहितीच आहेत, ना पट्टे ना बोर्ड, ज्याला वाटलं त्याने घरासमोर घातलेत. आई कधी ओरडली नाही, फक्त खिडकीवरचं हँडल धरलेली तिची मूठ आवळायची आणि ते मला आरशात दिसायचं, झालं, तेवढं पुरे होतं. मग कळलं की ब्रेक आधीच दाबून गाडी सेकंडवर आणायची आणि चाक चढायच्या जरासं आधी ब्रेक सोडून द्यायचा. ब्रेक दाबलेला असला की गाडीचं नाक आधीच खाली बसलेलं असतं, शॉकअपला दबायला जागाच उरत नाही, म्हणून तो दणका बसतो. करून बघ, फरक लगेच कळतो.

पण हे जमायचं तर ब्रेकर लांबूनच दिसला पाहिजे, आणि पुढच्या टेम्पोला चिकटून चालवलं तर कप्पाळ दिसणार. म्हणून अंतर ठेवायला लागलो. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की तीन सेकंद मोजायचे, त्याआधी आपण खांबाला पोचलो तर जवळ आहोत. ऐंशीच्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते रे, दचकून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच केवढा रस्ता संपतो. आता त्या मोकळ्या जागेत कुणीतरी घुसतोच, घुसू दे, आपण परत जरा मागे व्हायचं. आधी माझंही डोकं फिरायचं. मग हिशोब केला, तीस किलोमीटरला साठऐवजी पंच्याहत्तरचं अ‍ॅव्हरेज काढलं तरी वाचतात सहा मिनिटं, आणि ती आपण पार्किंग शोधण्यात घालवतो!

मला विचारशील तर सगळा खेळ अंदाजाचा आहे. आपण काय करणार ते दुसऱ्याला आधी कळलं पाहिजे, आणि तो काय करेल ते आपल्याला. इंडिकेटर वळून झाल्यावर देणारे लोक नक्की कुणाला सांगत असतात देव जाणे. सकाळी दूधवाला बघ, दोन्ही बाजूला कॅन, त्याला धड मागे वळून बघताच येत नाही, त्याच्या कानाशी जाऊन हॉर्न दाबला तर तो दचकून तुझ्याच अंगावर येणार. त्यापेक्षा लांबूनच एकदा हळू वाजवायचा आणि तो बाजूला होईपर्यंत थांबायचं.

आणि उसाचा हंगाम सुरू झाला की रात्रीचा शक्यतो निघूच नकोस. समोरून एकच लाईट आला म्हणून मोटरसायकल समजू नकोस, एक हेडलाईट गेलेला ट्रॅक्टर असतो, मागे दोन ट्रॉल्या, उसाची टोकं रस्त्यावर आलेली. कारखाने रिफ्लेक्टर लावतात, पण ते चिखलाने माखतात नाहीतर उसाखाली झाकतात, आणि पंक्चर झालेली ट्रॉली तशीच रस्त्यात उभी, मागे चार दगड लावले की झालं. समोरच्याने अप्पर, म्हणजे डोळ्यावर येणारा वरचा लाईट, मारला तर आपण डिपर, म्हणजे खालचा लाईट, द्यायचा, त्याचा बदला घ्यायला अप्पर मारला तर दोघेही आंधळे. नजर डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवायची आणि स्पीड कमी. ट्रॅक्टरवाल्यावर चिडूनही उपयोग नाही, तो कारखान्याच्या लाईनीत तासन् तास थांबून, अर्धा झोपेत परत निघालेला असतो.

मागचा बेल्ट मात्र आईने सुरुवातीला लावूच दिला नाही, म्हणे मागे कोण लावतं. तिला २०२२ चं सांगितलं, पालघरकडे चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले ते, एवढी मर्सिडीज, पण मागच्यांनी बेल्ट लावले नव्हते. मागचा माणूस सुटला की पुढच्याच्या पाठीवर येऊन आदळतो. हे ऐकल्यावर ती म्हणाली, म्हणजे मी तुझ्या अंगावर येणार होय, आणि लावला. स्वतःसाठी नाही लावला हां. तुझ्या पोरांना तर पहिल्या दिवसापासून सवय लाव, नंतर ऐकत नाहीत.

ते प्रेशर हॉर्न आणि पांढरे एलईडी बसवायचं म्हणतोयस ना, ते राहू दे. त्या पैशात रेनकोटसारखं गाडीला कव्हर घे, उरले तर टायरची हवा बघायचा गेज घे, दोनतीनशेला मिळतो. रविवारी गाडी घेऊन ये, आईला दाखव, तिला मिरजेच्या बाजारातून पेरू हवेत, तेवढे आण. आणि वहिनींनाही शिकव चालवायला, तुझ्यापेक्षा बऱ्या चालवतील.

तुझा,
बंड्या