बारकोड स्कॅनर एसडीकेच्या रिॲक्ट नेटिव्ह प्लगिनबाबत तक्रार

प्रति,
तांत्रिक प्रमुख व ग्राहक सेवा विभाग

विषय: प्लगिन जाहिरातीप्रमाणे नसल्याबाबत

स.न.वि.वि.

आपल्या संकेतस्थळावरच्या तक्त्यात या एसडीकेसमोर (ॲपमध्ये जोडायचा तयार कोडसंच) अँड्रॉइड, आयओएस, फ्लटर आणि रिॲक्ट नेटिव्ह (शेवटची दोन, एकाच कोडमधून दोन्ही फोनची ॲप बनवण्याची साधने) या चारही रकान्यांत बरोबरची खूण आहे. आमच्या गोदामाच्या ॲपला फ्लटर काय किंवा रिॲक्ट नेटिव्ह काय, दोन्ही चालले असते. स्क्रीन साध्या, ॲनिमेशन तर नाहीच. सगळा भार स्कॅनिंगवर. टीमला जावास्क्रिप्ट येते आणि आपले प्लगिन तयार आहे, एवढ्यावर रिॲक्ट नेटिव्ह ठरले. आता फ्लटरकडे वळायचे तर सगळे डार्टमध्ये (फ्लटरची भाषा) नव्याने लिहावे लागेल.

मुख्य अडचण अँड्रॉइडची. अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढची आवृत्ती टार्गेट करणाऱ्या ॲपला १ नोव्हेंबर २०२५ पासून गूगल प्लेवर १६ केबी मेमरी पेज (फोन मेमरी ज्या तुकड्यांत वाटतो तो तुकडा; आधी ४ केबीचा) चालणे सक्तीचे आहे. रिॲक्ट नेटिव्हने त्याची सोय ०.७७ आवृत्तीतच केली. एपीके (ॲपची इन्स्टॉल फाइल) उघडून आर्म६४ प्रोसेसरच्या एसओ फाइली (नेटिव्ह कोडच्या लायब्ररी) ऑब्जडम्प या साधनाने तपासल्या, तर बाकी सगळ्यांच्या लोड सेगमेंटपुढे (मेमरीत चढणारा भाग) २**१४, म्हणजे १६ केबी दिसते. फक्त आपल्या डिकोडरपुढे (बारकोड वाचणारी लायब्ररी) २**१२, म्हणजे ४ केबी. आमच्या बाजूने अँड्रॉइडचे ग्रेडल प्लगिन (बिल्डचे साधन) ८.५.१ च्या पुढे नेले आहे, पण त्याने एपीकेच्या झिपमधली मांडणीच सुधारते. फाइलच्या आतले अलाइनमेंट लिंक करतानाच ठरते आणि सोर्स आपल्याकडे आहे. एनडीके (अँड्रॉइडचा नेटिव्ह कोड बिल्ड करण्याचा संच) आर२८ वर बिल्ड केल्यास ते आपोआप १६ केबी होते; आर२७ वरच राहायचे असेल तर फ्लेक्सिबल पेज साइझचा पर्याय चालू करावा लागतो. कोडमध्ये कुठे ४०९६ हा आकडा थेट लिहिला असेल तर तोही काढावा, नाहीतर बिल्ड होईल आणि ॲप फोनवर कोसळेल.

यावर आपल्या सपोर्टचे उत्तर: "टार्गेट एसडीके ३४ करा." म्हणजे अँड्रॉइड १४ टार्गेट करून १६ केबीची अट टाळा. पण प्लेवर अपडेटसाठी ३५ ची (अँड्रॉइड १५) अट ३१ ऑगस्ट २०२५ पासूनच लागू आहे. हे उत्तर देणाऱ्याने प्ले कन्सोल उघडून तरी पाहायचा होता.

दुसरे, डिकोडिंग नेटिव्ह बाजूला होत असूनही प्लगिन कॅमेऱ्याची प्रत्येक फ्रेम बेस६४ (बाइटचा मजकूर) करून जावास्क्रिप्टकडे पाठवते. १२८०×७२० ची एक वायूव्ही ४:२:० (कॅमेऱ्याच्या चित्राचा प्रकार) फ्रेम १३,८२,४०० बाइटची; बेस६४ नंतर १८,४३,२००. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर ५५ एमबी. जावास्क्रिप्टचा थ्रेड त्यातच अडकतो आणि बटण दाबल्यावर स्क्रीन थिजल्यासारखी होते. ॲपला हवा असतो फक्त वाचलेला कोड आणि त्याचे चार कोपरे. फ्रेम पाठवणे बंद करण्याची सोयही दिलेली नाही. मॉड्यूल अजून जुन्या पद्धतीचेच असल्याने इंटरऑप लेयरच्या (जुनी मॉड्यूल नव्या आर्किटेक्चरवर चालवणारा थर) आधारावर चालते, आणि रिॲक्ट नेटिव्ह ०.८२ पासून जुन्या आर्किटेक्चरकडे परतण्याची वाटही बंद झाली आहे.

आयओएसवर त्यामानाने बरे आहे. सिम्युलेटरसाठी (संगणकावरचा नकली फोन) आर्म६४ स्लाइस, म्हणजे त्या प्रोसेसरचा कोड, नाही, एवढेच. एक्ससीफ्रेमवर्क (फोन व सिम्युलेटर दोन्हींचा कोड एकत्र देणारे पॅकेज) दिल्यास तेही मिटेल.

तरी १५ दिवसांत १६ केबीचे बिल्ड आणि फ्रेम बंद करण्याचा पर्याय द्यावा. टर्बो मॉड्यूलवर (नव्या आर्किटेक्चरची मॉड्यूल पद्धत) कधी जाणार, ती तारीख लेखी कळवावी. हे जमणार नसेल तर परवान्याच्या उरलेल्या मुदतीचे शुल्क परत करावे आणि तक्त्यातली रिॲक्ट नेटिव्हची खूण काढावी. ऑब्जडम्पचा निकाल आणि प्ले कन्सोलचा इशारा सोबत जोडला आहे.

कळावे,
आपला परवानाधारक ग्राहक