विषय: घड्याळातला सायकलिंगचा व्हीओटू मॅक्स आणि तुमचा सल्ला, "सर, धावून बघा"

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

काल संध्याकाळी तुमच्या हेल्पलाइनवर चौथा फोन झाला. ४१ मिनिटं, त्यातली निम्म्याहून जास्त होल्डवर. म्हणून आता हे पत्र.

"सायकलिंगसाठी स्वतंत्र व्हीओटू मॅक्स" हे तुम्ही खोक्यावर छापलंय. व्हीओटू मॅक्स म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, त्याचा आकडा. त्यासाठी पॉवर मीटर, म्हणजे पायांचा जोर वॅटमध्ये मोजणारं यंत्र, लागतो, हे मात्र पुस्तिकेत बारीक अक्षरांत. ठीक आहे, पॉवर मीटर आहे. दोन्ही पेडलांतला आहे, एकाच पायाचे वॅट मोजून दुप्पट करणारा नाही. प्रत्येक राइडआधी झीरो ऑफसेट होतो, म्हणजे मीटर शून्यावर आणला जातो, क्रँकची लांबी १७२.५ मिमी भरलेली आहे, वजन दर आठवड्याला बदललं जातं. हार्ट रेट छातीच्या पट्ट्यावरून येतो. तिन्ही लेखी तक्रारींत हे सगळं दिलंय. तरी प्रत्येक फोनची सुरुवात एकच: "सर, घड्याळ मनगटावर घट्ट बांधलंय का?" छातीचा पट्टा जोडलेला असताना घड्याळ मनगटाचा सेन्सर वापरत नाही. ते हँडलबारला बांधलं तरी आकडा तोच येईल. तुमचंच उत्पादन आहे, माहीत असायला हवं.

प्रयोगशाळेत एर्गोमीटरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या सायकलवर, तोंडाला मास्क लावून केलेल्या चाचणीत ५४ आले. घड्याळ गेले दोन महिने ४७-४८ दाखवतंय. दोन-तीन अंकांचा फरक असता तर हे पत्र लिहिलं नसतं. अंदाज तो अंदाजच. पण हा फरक कुठून येतो ते दिसतंय, आणि तो तुम्ही स्वतः तयार केलाय. चाचणीत कमाल हार्ट रेट १८८ निघाला. तो प्रोफाइलमध्ये हाताने भरला. शेवटच्या फर्मवेअर अपडेटपासून सिंक झालं की घड्याळ तो पुसून १७६ करतं. १७६ म्हणजे २२० वजा ४४. वयावरून काढलेली सरासरी. एकेका माणसात तिच्यापेक्षा १०-१२ ठोक्यांचा फरक ही नेहमीची गोष्ट, आणि म्हणूनच तो आकडा हाताने भरायची सोय दिलेली असते.

त्या १२ ठोक्यांनी काय होतं ते कागदावर करून बघा. कात्रजच्या जुन्या घाटात एका लयीत चढताना १८० वॅट, हार्ट रेट १५०, वजन ६६ किलो. वॅटला १०.८ ने गुणा, किलोंनी भागा, ७ मिळवा: त्या क्षणी लागणारा ऑक्सिजन साधारण ३६.५ मिलि, दर किलोला, दर मिनिटाला. इथवर वाद नाही. आता हा ऑक्सिजन कमाल क्षमतेच्या किती टक्के, हे घड्याळ हार्ट रेटवरून ठरवतं. कमाल १८८ धरली तर १५० म्हणजे ८० टक्के हार्ट रेट. त्यातून ३७ वजा करून ०.६४ ने भागलं की क्षमतेच्या साधारण ६७ टक्के. उत्तर ५४.५. कमाल १७६ धरली तर हार्ट रेट ८५ टक्के होतो, क्षमता ७५ टक्के, आणि उत्तर ४८.४. घाट तोच, पाय तेच, वॅट तेच. सहा अंक गेले ते तुमच्या सिंकच्या बटणात. तुमचा अल्गोरिदम या पाटीवरच्या गणितापेक्षा हुशार असेल, पण कमाल चुकीची भरली तर तोही याच बाजूला घसरणार.

उलटंही होतंच. ज्याची खरी कमाल सूत्रापेक्षा कमी, त्याला फुगवलेला आकडा मिळतो. तो खूश असतो, फोन करत नाही. बीटा ब्लॉकर घेणाऱ्याचे ठोके औषधाने दाबलेले असतात, त्याला घड्याळ फुकटात खेळाडू ठरवतं. हे जास्त गंभीर आहे.

मे महिन्यात तर याच्यावर उकाडाही बसतो. तेच १८० वॅट तासाभराने दहा ठोके महाग पडतात आणि घड्याळ "अनुत्पादक सराव" असं बजावतं. असो.

आता कालचा संवाद, जसाच्या तसा. कमाल हार्ट रेट आपोआप का बदलतो, हा प्रश्न. उत्तर: "घड्याळ रिस्टार्ट केलंत का?" केलं. "फॅक्टरी रीसेट?" दोनदा. मग वय विचारलं. ४४. पलीकडे कीबोर्डचा आवाज, आणि मग प्रसन्न स्वरात: "सर, मग ४७ तुमच्या वयाला उत्तमच आहे! ॲपमध्ये हिरवा पट्टा दिसतोय ना?" दिसतोय. हिरवा पट्टा बघायला एवढे पैसे मोजलेले नाहीत, असं सांगितलं. थोडा वेळ शांतता. मग: "सायकलवाल्यांचा आकडा कमीच येतो, सर. तुम्ही एकदा धावून बघा ना." धावण्याचा आकडा वेगळा मोजला जातो, वेगावरून, आणि त्यातही चुकीची कमाल तीच, हे सांगितल्यावर: "हो सर, पण धावल्यावर बऱ्याच लोकांचा वाढतो." आणि लगेच, "तुमचं समाधान झालं का? एक ते पाचमध्ये..."

धावून बघा! थर्मामीटर चुकीचा ताप दाखवतोय म्हणून तक्रार करावी, तर आजारी माणूस बदलून बघा, असा हा सल्ला. चूक त्या मुलाची नाही. त्याच्या समोरच्या स्क्रीनवर जे लिहून ठेवलंय तेच तो वाचतो. ते लिहिणाऱ्यांसाठी हे पत्र आहे.

हवंय ते फार नाही. हाताने भरलेला कमाल हार्ट रेट सिंकने पुसला जाऊ नये. आकड्याशेजारी तो कोणत्या कमालीवर, किती वजनावर आणि कोणत्या पॉवर मीटरवरून काढला ते दिसावं. आणि ४७ असा ठाम आकडा न छापता पुढे-मागे किती, तेही लिहावं. पुढच्या अपडेटमध्ये हे जमत नसेल तर घड्याळ परत घ्या आणि पूर्ण रक्कम द्या. कूपन नको, पट्ट्यावर सवलत नको.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर आधी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मग जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क लागत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, ती तुमच्या खोक्याच्या मागच्या बाजूशी ताडून पाहा. याच कंपनीचं आधीचं घड्याळ सहा वर्षं बिनतक्रार चाललं, म्हणून हे घेतलं होतं.

उत्तर लेखीच द्या. फोन नको. आणि धावायला सांगू नका.

सोबत: चाचणीचा अहवाल, अपडेटच्या आधीच्या आणि नंतरच्या सहा राइडच्या फिट फाइल (घड्याळातल्या मूळ नोंदी), बिलाची प्रत.